मेपलच्या वड्यांवरचे ग्लेझ पाणावते आणि मधला भाग कच्चा राहतो : नेमके कुठे चुकते आहे?

निशिगंध (कोथरूड)

नमस्कार. माझी मुलगी माँट्रियलला असते. या खेपेला येताना तिने मेपल सिरपचे, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाचे, ५४० मिलिलिटरचे दोन डबे आणले. आपल्याकडे रसगुल्ल्यांचा मिळतो तसा पत्र्याचा, बंद डबा असतो. तिकडे क्यूबेक प्रांतात हा पाक अशा डब्यांतूनही सर्रास विकला जातो म्हणे. त्यांपैकी एक डबा फोडून मी गेल्या रविवारी मेपलचे बार केले. बार म्हणजे शेवटी आपल्या वड्याच, फक्त परातीत थापण्याऐवजी टिनमध्ये भाजलेल्या आणि वरून ग्लेझ, म्हणजे साखरेचा चकचकीत लेप, ओतलेल्या, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीच्या जोरावर मी कामाला लागले आणि दोन्ही बाजूंनी फसले.

मुलीच्या वहीतील कृती तेरा बाय नऊ इंचांच्या ट्रेसाठी लिहिलेली होती. माझ्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये, आठ इंचांचा चौकोनी टिनच नीट बसतो, म्हणून सगळे मिश्रण त्यातच ओतले आणि वहीत लिहिल्याप्रमाणे १७५ अंशांवर तीस मिनिटे भाजले. कडा टणक झाल्या, वरचा भाग चॉकलेटी झाला, पण मध्ये सुरी घातली तर ती शिऱ्यासारखे ओले मिश्रण घेऊन बाहेर आली. आणखी दहा मिनिटे ठेवल्यावर मधला भाग कसाबसा आळला आणि कडा मात्र दाताने तोडाव्या लागतील इतक्या चिवट झाल्या.

ग्लेझचे दुःख त्याहून मोठे आहे. मिक्सरवर घरीच दळलेली पिठीसाखर एक कप, म्हणजे साधारण १२० ग्रॅम, त्यात चार मोठे चमचे मेपल सिरप आणि एक चमचा बटर एवढे घोटून मी ते कोमट वड्यांवर ओतले. रात्री ते छान चकचकीत दिसत होते. वड्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. सकाळी झाकण उघडले तर झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते, वरचे ग्लेझ ओघळून गेले होते आणि डब्याच्या तळाशी पाकाचे तळे साचले होते. यजमानांनी ‘जिलबीची चव आहे’ असे म्हणून दोन वड्या संपवल्या, पण तो दिलासा होता हे मला कळते.

गौरी जेवल्यानंतरच्या हळदीकुंकवाला मला या वड्या पुन्हा करायच्या आहेत. येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकजणी त्या दिवसांत अंडे खात नाहीत, म्हणून बिनअंड्याची कृतीही हवी आहे. फोडलेला डबा किती दिवस टिकतो, हेही कोणी सांगितले तर बरे होईल, कारण सध्या तो तसाच फ्रिजमध्ये वाटीने झाकून ठेवला आहे.

---

एकतारी

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निदान करणे सोपे झाले. मी ग्लेझपुरतेच लिहितो. ओव्हनविषयी येथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

मेपल सिरप हा तयार पाक आहे, पण तो पातळ पाक आहे, ही गोष्ट कृती लिहिणारे सांगत नाहीत. त्यात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखर असते आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणीच असते. मेपलच्या झाडाचा रस आटवणारे लोक पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे चार अंश वर तापमान गेले की आच बंद करतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एकतारी पाक होण्याच्या किंचित आधी ते थांबतात. आता आपण घातलेल्या चार मोठ्या चमच्यांचा हिशेब करू. ६० मिलिलिटर सिरपचे वजन सुमारे ७९ ग्रॅम भरते, कारण ते पाण्यापेक्षा जड असते, आणि त्यातले २६ ग्रॅम पाणी असते. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोन ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे या २६ ग्रॅम पाण्याने ५२ ग्रॅम साखर पोटात घेतली आणि आपल्या दोनशे ग्रॅम ग्लेझपैकी सुमारे ७८ ग्रॅम भाग कायम पाकाच्या रूपातच राहिला. ते वर वर सुकल्यासारखे दिसते, पण आतून ओलेच असते.

त्यात श्रावणाची भर पडली. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की उघडी साखर हवेतले पाणी ओढून घेऊ लागते, आणि या दिवसांत पुण्यात पहाटेची हवा त्याहून दमट असते. संक्रांतीचा काटेरी हलवा पौषातल्या कोरड्या थंडीत करतात आणि पावसाळ्यात त्याला काटा धरत नाही, त्याचे कारण हेच आहे. आपण तर वड्या कोमट असताना डब्यात कोंडल्या. त्यांची वाफ झाकणावर थंड झाली आणि थेंब होऊन परत ग्लेझवर पडली. ग्लेझला रात्रभर पाऊस लागला, असेच म्हणायचे.

उपाय असा की सिरप आधी आटवावे. जाड बुडाचे लहान पातेले वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि त्यात १०५ ग्रॅम (८० मिलिलिटर) सिरप घ्यावे. मंद आचेवर उकळावे. हा पाक दुधासारखा भसकन वर येतो, म्हणून पातेले दिसते त्यापेक्षा मोठे घ्यावे आणि सुरुवातीलाच बटरचा वाटाण्याएवढा तुकडा टाकावा, म्हणजे फेस बसतो. मेपलचा रस आटवणारेसुद्धा फेस बसवायला हीच युक्ती करतात. वजन ८५ ग्रॅमवर आले की आच बंद करावी. त्यात ७० ग्रॅम साखर आणि जेमतेम १५ ग्रॅम पाणी उरते. थर्मामीटर वापरणार असाल तर परदेशी पुस्तकांतील आकड्यांमधून दोन अंश वजा करावेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पुस्तकातला आकडा गाठेपर्यंत थांबलात तर पाक पुढे गेलेला असतो. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहावा. तो पसरू नये, तळाशी मऊ गोळा होऊन बसावा आणि बोटाने सहज दाबला जावा. लाडवांसाठी घेतो त्या गोळीबंद पाकाच्या जरा अलीकडेच थांबायचे आहे.

आच बंद केल्यावर त्यात २५ ग्रॅम बटर आणि चिमूटभर मीठ घालून ढवळावे, मग १२० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटावे आणि लगेच ओतावे. ‘लगेच’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. फोन वाजला म्हणून मी एकदा पाच मिनिटांसाठी उठलो आणि परत आलो तेव्हा पातेल्यात बर्फी तयार होती. तसे झालेच तर एक चमचा गरम दूध घालून पुन्हा मंद आचेवर धरता येते. वड्या मात्र पूर्ण गार झालेल्या हव्यात. चिरोट्यांना पाक घालताना जो नियम आपण पाळतो तोच येथेही आहे : पाक गरम, पदार्थ गार.

घरी दळलेल्या साखरेविषयी एवढेच की विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा थोडे कॉर्नफ्लोअर असते आणि ते ओल धरून ठेवते. घरी दळायची असेल तर १०० ग्रॅम साखरेला एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळावे आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावे, नाहीतर ग्लेझ जिभेवर रवाळ लागते.

---

ओव्हनचा काटा (सिंहगड रस्ता)

निशिगंधताई, ग्लेझचे उत्तर मिळाले, आता भाजण्याचे पाहू. मी घरगुती केकच्या ऑर्डरी घेते आणि आठवड्यातून निदान एकदा तरी मला हाच प्रश्न कोणीतरी विचारते.

तेरा गुणिले नऊ म्हणजे ११७ चौरस इंच आणि आठ गुणिले आठ म्हणजे ६४. तुम्ही जवळजवळ दुप्पट जाडीची वडी भाजायला घेतलीत. अशा वेळी कडा आधी होतात, मधल्या भागापर्यंत उष्णता पोचेपर्यंत त्या वाळून जातात, आणि त्याला कोणताही ओव्हन जबाबदार नसतो. वहीतले सगळे प्रमाण निम्मे करा, तुमचा टिन बरोबर भरेल. चौकोनी टिन नसलेल्यांसाठी सांगते की नऊ इंचांच्या गोल टिनचे क्षेत्रफळ आठ इंचांच्या चौकोनी टिनइतकेच, म्हणजे ६४ चौरस इंचांच्या जवळपास भरते. आठ इंचांचा गोल टिन मात्र ५० चौरस इंचांचाच असतो. ‘आठ इंची टिन’ एवढ्यावर विसंबून कृती करणाऱ्या कितीतरी जणी येथे अडकतात.

दुसरी गोष्ट ओटीजीची. लहान ओटीजीत वरची कॉइल पदार्थाच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून वड्यांसाठी फक्त खालची कॉइल चालू ठेवा आणि वरची शेवटची तीन-चार मिनिटे रंगापुरती लावा. बटनावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. माझा पहिला ओटीजी १७५ वर ठेवला की आतला काटा १९५ दाखवत असे, आणि हे कळायला मला दोन वर्षे आणि न मोजलेले किलो-किलो बटर लागले. रविवार पेठेत बोहरी आळीत बेकिंगचे सामान मिळते, तिथून आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर आणा. टिनही तिथेच घ्या, फिकट रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा. काळ्या टिनमध्ये कडा लवकर करपतात.

आता आठ इंची चौकोनी टिनसाठी माझे प्रमाण. ११५ ग्रॅम बटर पातेल्यात कढवायचे, अगदी तूप कढवतो तसे, पण बेरी सोनेरी होऊन खमंग वास सुटला की लगेच उतरवायचे आणि बेरीसकट वापरायचे. बेरी गाळून टाकू नका, मेपलची चव तिच्यामुळेच उठते. असे केल्याने बटरमधले पाणीही निघून जाते आणि वडी जास्त खुटखुटीत होते. ते कोमट झाले की त्यात १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ८० मिलिलिटर मेपल सिरप, एक अंडे आणि एक लहान चमचा व्हॅनिला घालून फेटायचे. मग १७० ग्रॅम मैदा आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळून घालायची. बटर खारे असेल तर मीठ नको, बिनमिठाचे असेल तर पाव चमचा. शेवटी ६० ग्रॅम भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे. टिनला बटर पेपर दोन्ही बाजूंनी वर येईल असा लावायचा, म्हणजे वड्यांची पूर्ण लादी उचलून बाहेर काढता येते. १७० अंशांवर २२ ते २६ मिनिटे.

ओव्हन पंधरा मिनिटे आधी तापवायचा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगते.

या वड्या झाल्या की नाही हे केकसारखे पाहू नका. केकमध्ये सुई कोरडी यावी लागते. येथे सुई कोरडी आली म्हणजे वड्या जास्त भाजल्या गेल्या. सुईला ओलसर कण चिकटावेत, कच्चे पीठ चिकटू नये. मध्यभाग हलवल्यावर डचमळत नसेल तर बाहेर काढा, उरलेले काम टिनच्या उष्णतेत होते. त्यानंतर किमान दोन तास हात लावायचा नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रवा-मैदा, साखर आणि डालडा घेऊन पेठेतल्या भट्टीवर नानकटाई करून आणायला जायचो. भट्टीवाला पत्रे बाहेर काढून कट्ट्यावर ठेवायचा आणि गार होईपर्यंत एकही नानकटाई उचलू द्यायचा नाही. ‘गरम तुटेल, गार खुसखुशेल’ असे म्हणायचा. आम्ही तिथेच पत्र्याकडे बघत उभ्या राहायचो.

बिनअंड्यासाठी अंड्याऐवजी ५० ग्रॅम चक्का घ्या. साधे दही नको, त्यातले पाणी पुन्हा तुमच्या मुळावर येईल. बेकिंग पावडर अर्ध्याऐवजी पाऊण चमचा करा. दुसरा पर्याय म्हणजे एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालणे. वडी छान धरून राहते, पण जवसाची चव मागे रेंगाळते. हळदीकुंकवाला मी चक्काच वापरला असता. अंड्याशिवायची वडी थोडी ठिसूळ असते, तेव्हा ती ग्लेझ आळल्यावर, धार लावलेल्या सुरीने, एका दाबात पाडावी. करवत चालवल्यासारखी सुरी चालवली की कडा ढासळतात.

---

उसाचा रस (दौंड)

डबा संपल्यावर काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. येथे मिळणारी खऱ्या मेपलची छोटी बाटली घेताना हात आखडतो आणि स्वस्तातल्या बाटल्यांवर पुष्कळदा ‘मेपल फ्लेवर्ड’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मी स्वतः अशी एक बाटली आणून फसलो आहे. घटकांच्या यादीत पहिले नाव कॉर्न सिरपचे होते आणि मेपलचे नाव कुठेच नव्हते. खऱ्या सिरपच्या बाटलीवर घटक एकच असतो.

आमच्या घरचे गुऱ्हाळ आहे, त्यामुळे मेपलचा पाक कसा करतात हे वाचले तेव्हा मला ते सगळे ओळखीचे वाटले. तिकडे हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारे ऊन असे काही आठवडे मिळतात, तेव्हा खोडाला भोक पाडून रस गोळा करतात आणि रुंद, पसरट भांड्यांत आटवतात. युरोपीय लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी हे करत आले आहेत. आमच्याकडे काहील असते, भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून काढतात आणि मग आच वाढवतात. फरक आहे तो रसाचा. उसाच्या रसात जवळजवळ पाचवा हिस्सा साखर असते, तर मेपलच्या रसात दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून तिकडे एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. त्यावर किती सरपण जळत असेल याचा विचार मी गुऱ्हाळवाला म्हणून करतो आणि मग बाटलीच्या किमतीबद्दल तक्रार करवत नाही. क्यूबेकमधून तर २०११-१२ च्या सुमारास गोदामातला सुमारे तीन हजार टन पाक चोरीला गेला होता. इतक्या जपणुकीच्या वस्तूवर चोरांची नजर जाणारच.

मेपलऐवजी काकवी चालेल का? वडीत चालेल, ग्लेझमध्ये चालणार नाही. काकवीचा दाणा धरू नये म्हणूनच ती गुळाच्या आधी काहिलीतून काढतात, आणि तिच्यात साखरेचे विघटन होऊन तयार झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाण बरेच असते. या साखरा आळत नाहीत, उलट ओल ओढतात. मेपलच्या पाकातली साखर मात्र जवळजवळ सगळी आपल्या नेहमीच्या साखरेचीच असते आणि म्हणूनच त्याचे ग्लेझ आळते. काकवीचे ग्लेझ मी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा ते पोळीशी खाऊन संपवावे लागले. शिवाय ग्लेझ सैल करायला दूध घालणार असाल तर गूळ आणि काकवी यांनी दूध फाटते, हे गुळाची खीर केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

याच कारणाने मेपलच्या प्रतीकडेही लक्ष द्यावे. २०१५ च्या आसपासपासून कॅनडा आणि अमेरिकेत एकच प्रतवारी आहे : गोल्डन, अँबर, डार्क आणि व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका आणि नाजूक चवीचा, शेवटचा गडद आणि ठसठशीत. गडद पाकात विघटन झालेली साखर अधिक असते. ताई, तुमचे दोन डबे वेगवेगळ्या प्रतींचे असतील तर गडद वडीत घाला, फिका ग्लेझला ठेवा.

डबा तसाच पत्र्यात ठेवू नका. गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. यात टिकवणारे काही घातलेले नसते आणि फोडल्यावर पृष्ठभागावर बुरशी धरू शकते. सगळ्यांत उत्तम जागा फ्रीझर, कारण तिथे तो घट्ट होतो पण दगडासारखा गोठत नाही. चमच्याने काढता येतो.

---

बाणेर रिटर्न

मध्येच एक छोटा खुलासा करतो. अमेरिकेच्या वायव्य भागात, सिअॅटल-पोर्टलंडकडे, ‘मेपल बार’ म्हटले की यीस्टच्या पिठाचा, तळलेला, लांबट चौकोनी डोनट समोर येतो आणि त्याच्यावर मेपलचे ग्लेझ असते. इंटरनेटवर कृती शोधणाऱ्यांना दोन्ही एकाच नावाने सापडतात. त्या डोनटचे ग्लेझ मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि ते त्याच दिवशी खाऊन संपवायचे असते. ते प्रमाण घेऊन वड्यांवर ओतले तर दुसऱ्या दिवशी डब्यात तळेच दिसेल. ताईंच्या मुलीच्या वहीत ग्लेझची कृती कुठून आली, हे एकदा विचारून पाहावे.

---

मेथीदाणा

गंमत वाटेल, पण मेपलचा वास आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे. मेथीच्या दाण्यांत सोटोलॉन नावाचे सुगंधी द्रव्य असते आणि मेपलच्या पाकाची आठवण करून देणारा वास त्याचाच असतो. २००५ पासून काही वर्षे न्यूयॉर्कच्या काही भागांत अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये शोध लागला की शेजारच्या न्यू जर्सीतील एका कारखान्यात मेथ्यांवर प्रक्रिया होते आणि वारा तिकडून वाहिला की वास शहरात येतो. बाळंतिणीला मेथीचे लाडू सुरू केले की तिच्या घामाला जो गोडसर वास येतो, तो हाच.

मी एक लहान चमचा अख्ख्या मेथ्या मंद भाजून, कढवलेल्या बटरमध्ये दहा मिनिटे ठेवते आणि गाळून टाकते. ते बटर आणि काकवी वापरून वड्या केल्या की घरातले कोणीही ओळखत नाही. मेथ्या कुटू नका, फुटल्या की कडूपणा उतरतो.

---

एकतारी

मेथीदाणाताईंचा रसायनशास्त्राचा भाग बरोबर आहे. मात्र ‘कोणीही ओळखत नाही’ याला माझी हरकत आहे. सोटोलॉन हा मेपलच्या वासाचा एक धागा आहे. रस आटताना साखरेच्या भाजण्यातून येणारा खमंगपणा आणि लाकडासारखा हलका गंध मेथीतून येत नाही. मी ही युक्ती करून पाहिली होती आणि आमच्या घरी पहिला प्रश्न आला, ‘आज लोणच्याची फोडणी कुठे केली?’ डबा घरात असताना मेथीच्या वाटेला जाऊ नये.

---

निशिगंध (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला फोन करून विचारले; ग्लेझची कृती खरोखरच डोनटची निघाली. तिने वहीत वड्यांच्या खाली ‘हेच ग्लेझ छान लागते’ असे लिहून बाण काढला होता. तिच्याकडे मॉन्ट्रियलच्या कोरड्या हिवाळ्यात ते एका दिवसासाठी जमून जात असणार.

शनिवारी पुन्हा केले. ओव्हन थर्मामीटर आणला. माझा ओटीजी उलट निघाला : १७५ वर ठेवला तर काटा १६० च्या पुढे जाईना. म्हणजे माझ्या पहिल्या वड्या काही अंशी जाडीमुळे आणि काही अंशी थंड ओव्हनमुळे कच्च्या राहिल्या होत्या, आणि वरचा चॉकलेटी रंग केवळ वरच्या कॉइलचा होता. १८५ वर ठेवल्यावर काटा १७० ला आला. फक्त खालची कॉइल लावून, चक्का घालून केलेल्या वड्यांना सत्तावीस मिनिटे लागली. सुईला ओलसर कण चिकटले, तेव्हा धीर करून बाहेर काढल्या.

सिरप आटवताना पातेल्यात फेस वर आला, पण बटरच्या तुकड्याने तो लगेच बसला. ८५ ग्रॅमवर थांबायचे होते, मी ८२ वर थांबले, कारण काटा बघायला पातेले उचलून नेईपर्यंत ते आणखी आटले. ग्लेझ ओतताना मध्यापर्यंत ठीक पसरले आणि शेवटच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत घट्ट होऊन उलथन्याच्या रेघा उमटल्या. त्या कोपऱ्यातल्या चार वड्या आम्ही घरी ठेवल्या. उरलेल्या बारा वड्या डब्यात न भरता ताटात मांडून वर जाळी घातली आणि रात्रभर ओट्यावर ठेवल्या. बाहेर पाऊस होता. सकाळी बोट लावून पाहिले : वर पातळ, कोरडी साय धरली होती, बोटाला काही चिकटले नाही, आणि एक वडी मधोमध कापून पाहिली तेव्हा ग्लेझ सुरीखाली टच्‌कन तुटले.

एक शंका राहिली आहे. गौरींसाठी साठ वड्या लागतील आणि माझ्या टिनमध्ये एका वेळी सोळाच होतात. चारही घाण्यांचे ग्लेझ एकदम केले तर पातेल्यातच त्याची बर्फी होईल, हे आता मला दिसते आहे. वड्यांच्या लाद्या आदल्या दिवशी भाजून ठेवल्या आणि ग्लेझ दुसऱ्या दिवशी चार वेळा वेगवेगळे केले, तर लाद्या रात्रभर कशात गुंडाळून ठेवाव्यात?

---

ओव्हनचा काटा (सिंहगड रस्ता)

बटर पेपरसकट पूर्ण गार करा, वरून कोरडा मलमलचा पंचा घाला आणि मग मोठ्या डब्यात सैल झाकण ठेवून बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो आणि ग्लेझ खालून सुटते. सिरप मात्र चार वाट्यांत आधीच १०५-१०५ ग्रॅम मोजून ठेवा, आणि आटवताना वजनकाटा ओट्यावर शेगडीच्या शेजारीच घ्या.